एक घन सेंटिमीटर चिखल: विषारी शैवालाची बीजं समुद्रतळातून कशी मोजायची

अलेक्झांड्रियम कॅटेनेला हा एकपेशीय जीव पाण्यात पोहताना दिसतो तो वर्षातले काही आठवडे. बाकीचे महिने तो समुद्राच्या तळाशी, गाळात, जाड भिंतीच्या आवरणात निजलेला असतो. या अवस्थेला पुस्तकात पुटी म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सिस्टच म्हणतात. सिस्ट उगवते, पेशी वर येते, विभागत जाते आणि बहर येतो. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे पाणी गाळून खाणारे जीव त्या पेशी खातात आणि त्यांच्या मांसात सॅक्सिटॉक्सिन साठतं. हे विष शिजवून जात नाही. १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजम इथे शिनाणे खाऊन सात माणसं दगावली होती, तो याच प्रकारच्या विषबाधेचा प्रसंग.

तळाच्या गाळात किती सिस्ट आहेत हे मोजायची रीत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनच्या आखातात, वर्षानुवर्षं वापरून घासूनपुसून तयार झाली आहे. इथे दिलेली पद्धत मुख्यतः तीच आहे. आपल्या किनाऱ्यावर काय बदलावं लागतं ते त्या त्या जागी सांगितलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी: या कामातल्या बहुतेक चुका नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात, आणि तिथे बसून त्या दुरुस्त करता येत नाहीत.

कुठे आणि कधी

सिस्ट बारीक गाळाच्या कणासारखी वागते. पाण्याहून थोडी जड, दिवसाला साधारण १० मीटर या संथ गतीने खाली जाणारी. तेवढ्या वेळात प्रवाह तिला कुठल्या कुठे नेतो, आणि जिथे पाणी शांत होऊन चिखल बसतो तिथेच तीही बसते. म्हणून बहर जिथे दिसला तिथेच गाळ काढायला जाऊ नये. मेनच्या आखातात सिस्टचे दोन मोठे साठे आहेत, एक फंडीच्या उपसागराच्या मुखाशी आणि दुसरा पेनॉब्स्कॉट आणि कॅस्को उपसागरांच्या बाहेर खोल पाण्यात. विषबाधेच्या बातम्या मात्र किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या असतात.

कामाला लागण्यापूर्वी नौकानयनाचा नकाशा उघडावा. त्यावर खोलीच्या आकड्यांबरोबर तळ चिखलाचा, वाळूचा की खडकाचा हेही लिहिलेलं असतं. वाळूवर दोन-तीन ठिकाणं पुरेत, तीही ‘इथे नाहीत’ हे दाखवायला. बाकी सगळी चिखलावर. खाडीत काम असेल तर वळणाची आतली बाजू, जेट्टीचा आडोसा, कांदळवनापुढचा सपाट भाग बघावा. जहाजांसाठी उपसलेला मार्ग टाळावा, कारण तिथे वरचा थर आजकालचा आणि खालचा दहा वर्षांपूर्वीचा असा क्रमच उरलेला नसतो. बंदरातले धक्के मात्र वगळू नयेत. जहाजांच्या तोलपाण्याबरोबर (तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या समुद्राच्या पाण्याबरोबर) आणि टाक्यांत साचलेल्या गाळाबरोबर सिस्ट एका महासागरातून दुसऱ्यात जातात. तोलपाण्यातून होणारा हा प्रसार रोखण्याच्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातली जी सहा प्रात्यक्षिक बंदरं निवडली होती त्यांत मुंबई होतं, आणि तिथल्या पाहणीचं काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं. तोलपाण्याचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला आहे, पण आधी येऊन बसलेल्या सिस्ट करार वाचून परत जात नाहीत.

वेळ निवडताना हिशेब सोपा आहे: बहर संपून नव्या सिस्ट तळाला बसल्यावर आणि पुढच्या उगवणीआधी. मेनच्या आखातात तो काळ म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सगळा गाळ ढवळून काढतो, त्यामुळे एकाच फेरीवर विसंबता येत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, अशा निदान दोन फेऱ्या ठेवाव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो आणि ऑक्सिजन नसेल तर सिस्ट उगवत नाही. तेव्हा प्रत्येक ठिकाणी तळालगतच्या पाण्याचं तापमान, क्षारता आणि विरघळलेला ऑक्सिजन नोंदवल्याशिवाय नमुना पूर्ण झाला असं धरू नये.

पहिल्या फेरीला १५ ते २० ठिकाणं ठीक. दर पाचव्या ठिकाणी बोट न हलवता तीन वेगळे गाभे, म्हणजे नळीने काढलेले गाळाचे उभे नमुने, घ्यावेत. शेजारशेजारच्या तीन गाभ्यांत किती फरक पडतो हे कळल्याखेरीज दोन ठिकाणांमधला फरक खरा की नुसता चिखलाचा लहरीपणा, हे सांगता येत नाही. निधी कमी पडला की सर्वांत आधी हे तीन गाभे कापले जातात, आणि नेमके तेच कापायचे नसतात.

गाभा काढणं

सगळा जीव वरच्या एका सेंटिमीटरात आहे. त्यातलाही अगदी वरचा थर हा विस्कटलेल्या कापसासारखा हलका असतो, आणि ताज्या सिस्ट त्यातच असतात. ग्रॅब, म्हणजे गाळ उचलणारा जबड्यासारखा पंजा, वापरला तर तो खाली येताना स्वतःपुढे पाण्याची लाट ढकलतो आणि हा थर उडवून लावतो. जोरात पडणाऱ्या जड गाभायंत्राचंही तेच. अशा नमुन्यात सिस्ट कमी सापडतात आणि त्या मुळातच कमी होत्या असं वाटतं.

खोल पाण्यासाठी क्रेब गाभायंत्र चांगलं. त्याची चौकट आधी तळावर टेकते, मग नळी द्रवाच्या दाबाने सावकाश गाळात शिरते. पेटीसारखा मोठा गाभा मिळत असेल तर त्यातून नळीने उपनमुना घ्यावा, पेटीच्या कडेपासून दूर. पाच-सात मीटर खोलीपर्यंत पाणबुड्याने हाताने खुपसलेली ॲक्रिलिकची नळी सर्वांत उत्तम: दोन रबरी बुचं, एक वर, एक खाली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर ६० मिलीच्या सिरिंजचं तोंड कापून तिचाच गाभा करता येतो. दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागाला टेकवून स्थिर धरायचा आणि नळी खाली दाबायची, म्हणजे थर आवळला जात नाही.

नळी वर आली की लगेच उजेडात धरून पाहा. गाळावरचं पाणी नितळ आहे का? पृष्ठभाग सपाट आहे का? किड्यांच्या नळ्या, बारीक कापशी थर दिसतो का? पाणी गढूळ असेल किंवा पृष्ठभाग तिरका असेल तर गाभा टाकून द्या आणि पुन्हा काढा. समुद्र खवळलेला असताना चार-चार वेळा काढावा लागतो. ‘चालेल’ म्हणून ठेवलेला गाभा पुढे आलेखात वेगळा उठून दिसतो आणि तोपर्यंत कारण कोणाला आठवत नसतं.

वरचं पाणी बारीक नळीने हळू शोषून काढा, शेवटचे ५ मिलीमीटर सिरिंजने. मग खालून दट्ट्याने गाळ वर ढकलत थर कापा: ० ते १ सेंटिमीटर आणि १ ते ३ सेंटिमीटर. पहिला थर म्हणजे पुढच्या हंगामाची बेगमी. दुसरा थर म्हणजे पेवात ठेवलेलं धान्य. वादळ, ट्रॉलरची जाळी किंवा बिळं करणारे किडे ते वर आणू शकतात. नळीच्या भिंतीलगत वरचा गाळ खाली ओढला जातो, म्हणून प्रत्येक चकतीची बाहेरची २-३ मिलीमीटरची कड काढून टाका. नळीचा आतला व्यास ६ सेंटिमीटर असेल तर १ सेंटिमीटरच्या चकतीत सुमारे २८ घन सेंटिमीटर गाळ येतो. कड काढल्यावरही साधारण २४ उरतो, तो पुष्कळ झाला.

साठवण

लहान डबी घ्या आणि ती काठोकाठ भरा, हवेला जागाच ठेवू नका. झाकणाभोवती टेप, वर ॲल्युमिनियमचा कागद, आणि २ ते ४ अंश सेल्सिअसला अंधारात. गाळातले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन काही वेळात संपवतात आणि मग सिस्ट जागी होत नाही. अर्धी भरलेली डबी टेबलावर उजेडात राहिली तर सिस्ट डबीतच उगवतात, रिकामी टरफलं मागे राहतात आणि मोजणी खाली येते. गोठवू तर मुळीच नये: भिंत टिकली तरी आतला जीव फुटतो आणि भरलेली सिस्ट कुठली, रिकामी कुठली हा फरकच पुसला जातो.

उष्ण पाण्यातल्या सिस्टना थंडी कितपत मानवते हे प्रजातीगणिक बदलतं. उगवणीची चाचणीही करायची असेल तर नमुन्याचे दोन भाग करा. मोजणीचा थंडीत, उगवणीचा २० अंशांच्या आसपास पण तितकाच काठोकाठ भरलेला आणि अंधारात, आणि तो आधी संपवा. लेबल डबीच्या आत एक आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने. पुढे मेथॅनॉलचं काम आहे, मार्करची शाई त्यात धुऊन जाते.

धुणं आणि चाळणं

डबीतला गाळ स्पॅट्युलाने नीट कालवा, घोळ एकजीव दिसेपर्यंत. तोंड कापलेल्या सिरिंजने त्यातला ५ घन सेंटिमीटर काढा. आत हवेचे बुडबुडे राहिले तर ५ म्हणून ४ च येतो. गाळलेलं समुद्राचं पाणी घालून २५ मिली करा. भांडं बर्फात ठेवून ध्वनिलहरींचा प्रोब बुडवा: ४० वॅट, १ मिनिट. याने मातीचे गोळे सुटतात आणि सिस्टला चिकटलेला चिखल निघतो. तुमचं यंत्र वेगळं असेल, किंवा प्रोबऐवजी नुसतं टाकीचं यंत्र असेल, तर ही वेळ आंधळेपणाने उचलू नका. एकाच गाळाचे सहा-आठ भाग करून ३० सेकंद, १, २ आणि ४ मिनिटं असं चालवून पाहा. मोजणी आधी वाढते, मग सपाट होते, मग फुटलेल्या सिस्टमुळे उतरते. सपाट भागाची सुरुवात ही तुमची वेळ.

आता चाळण्या. वर ८० मायक्रोमीटरची, खाली २० मायक्रोमीटरची. बाजारातल्या पितळी चाळण्या महाग आहेत आणि साफ होत नाहीत. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला नायलॉनची जाळी चिकटवून घरी केलेल्या चांगल्या, कारण जाळी खराब झाली की टाकता येते. पिचकारीच्या बाटलीतून गाळलेलं समुद्राचं पाणी मारत राहा, खालचं पाणी नितळ येईपर्यंत. जाळी तुंबली तर बोटाने चोळू नका, चाळणी खालून हलकेच टिचकवा किंवा खालून पाणी मारा. तरीही तुंबत असेल तर गाळ ५ ऐवजी २ घन सेंटिमीटर घ्या आणि तसं नोंदवा. मोठ्या चाळणीवर उरलेला काडीकचरा आणखी दोनदा धुवा, सिस्ट त्यात अडकून बसतात. २० वर अडकलेला भाग १५ मिलीच्या टोकदार नळीत धुऊन उतरवा.

२० मायक्रोमीटर हा आकडा अलेक्झांड्रियम कॅटेनेलासाठी ठरलेला आहे. लहान सिस्ट शोधायच्या असतील तर जाळी १० ची लागते, आणि मग मातीही दुपटी-तिपटीने राहते.

प्रत्येक तुकडीत एकदा टाकाऊ भाग तपासा: ८० वर उरलेलं, २० खालून गेलेलं, आणि नंतर नळ्यांतून शोषून काढलेलं पाणी. तिन्हींत मिळून सिस्ट दहातल्या एकीहून जास्त निघाल्या तर कुठेतरी जाळी सैल आहे किंवा हात घाई करतोय. चाळण्या दोन नमुन्यांमध्ये ध्वनिलहरींच्या टाकीत धुवा. दाट साठ्याच्या नमुन्यानंतर लगेच विरळ नमुना घेतला की विरळ नमुन्यात पाहुण्या सिस्ट दिसू लागतात. क्रम उलटा ठेवला तर हा प्रश्नच येत नाही. पण कोणता विरळ हे आधी कुठे माहीत असतं, म्हणून दर दहा नमुन्यांमागे एक कोरा नमुना, म्हणजे नुसतं गाळलेलं पाणी, याच सगळ्या वाटेने पाठवावा.

प्रिम्युलिनने रंगवणं

साध्या प्रकाशात चिखलातली सिस्ट शोधणं म्हणजे नाचणीच्या पोत्यात मोहरी शोधणं. प्रिम्युलिन हा पिवळा रंग सिस्टच्या भिंतीला धरतो आणि निळ्या प्रकाशात ती हिरवट-पिवळी चमकते. क्रम असा:

१. चाळलेला भाग ९.५ मिली करा, त्यात बाटलीतलं फॉर्मॅलिन ०.५ मिली घाला. अर्धा ते एक तास ठेवा.

२. सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी ला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोराने, १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी शोषून काढा, तळाच्या गोळ्यावर अर्धा-एक मिली राहू द्या.

३. बर्फासारखं थंड मेथॅनॉल १० मिली घाला, नळी उलटसुलट करून गोळा पूर्ण मोडा, ४ अंशांना ४८ तास ठेवा.

४. पुन्हा फिरवा, मेथॅनॉल काढा. १० मिली ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, फिरवा, पाणी काढा.

५. मिलीमागे २ मिलिग्रॅम प्रिम्युलिनचं द्रावण, २ मिली. गोळा मोडा. ४ अंशांना अंधारात १ तास.

६. फिरवा, रंग काढा, १० मिली पाण्याने धुवा, पुन्हा फिरवून पाणी काढा आणि शेवटी पाणी घालून बरोबर ५ मिली करा.

वीस नळ्यांना ४० मिली रंग लागतो. १०० मिलिग्रॅम ५० मिलीत विरघळवून गाळून घ्या, म्हणजे पुरतो. द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी करा.

मेथॅनॉलचे ४८ तास कापायचा मोह सगळ्यांनाच होतो. हे दोन दिवस हरितद्रव्य काढून टाकण्यासाठी आहेत. ते राहिलं तर निळ्या प्रकाशात शैवालाचा प्रत्येक तुकडा लालभडक पेटतो आणि त्या झगमगाटात सिस्टची हिरवी कड हरवते. समुद्राचं पाणी नीट काढलं नसेल तर मेथॅनॉल घालताच पांढरा साका धरतो. ते बहुतेक मीठ असतं आणि पुढच्या पाण्याच्या धुण्यात जातं, पण त्याने गोळा सैल होतो, तेव्हा शोषताना दुप्पट जपा.

‘३००० जी’ म्हणजे मिनिटाला ३००० फेरे नव्हेत. फिरक्याची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर ३००० जी साठी साधारण ४२०० फेरे लागतात. ३००० फेऱ्यांना मिळतो जेमतेम निम्मा जोर. गोळा घट्ट बसला नाही की प्रत्येक शोषणात थोड्या सिस्ट जातात, आणि इथे शोषणं चार-पाच आहेत. नळ्या आडव्या झुलणारा फिरका असेल तर गोळा सरळ तळाशी बसतो. तिरक्या फिरक्यात तो भिंतीवर पसरतो.

प्रिम्युलिनच्या प्रत्येक बाटलीची रंगत वेगळी असते. नवी बाटली उघडली की आधी मोजलेला एखादा नमुना पुन्हा रंगवून पाहा आणि संपूर्ण सर्वेक्षण एकाच बाटलीवर उरका. फॉर्मॅलिन आणि मेथॅनॉल धुराड्याखालीच हाताळा. दोन्ही विषारी, मेथॅनॉल पेट घेणारं. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये जमा करा.

मोजणं

सेजविक-राफ्टर पट्टी, म्हणजे मोजणीची खोलगट काचपट्टी, घ्या: ५० बाय २० मिलीमीटर, १ मिलीमीटर खोल, म्हणजे बरोबर १ मिली. नळी हलवल्याबरोबर लगेच भरा, सिस्ट सेकंदांत खाली बसायला लागतात. १०० पट मोठं करून, निळा प्रकाश टाकून आणि सुमारे ५१५ नॅनोमीटरच्या पुढचंच दिसू देणारा गाळणीकाच लावून पूर्ण पट्टी मोजा. निम्मी मोजून दुप्पट करणं टाळा, कडेला आणि मध्यात सिस्ट सारख्या पसरत नाहीत.

हिशेब: ५ घन सेंटिमीटर गाळ, शेवटचं आकारमान ५ मिली, मोजला १ मिली. तेव्हा पट्टीवर दिसल्या तितक्याच एका घन सेंटिमीटरात. शेवटचं आकारमान १० मिली केलं तर गुणिले २.

अनिश्चितता मोजलेल्या संख्येवर ठरते. ४०० मोजल्या तर चूक साधारण १० टक्के इकडेतिकडे, १०० ला २० टक्के, २५ ला ४० टक्के. एकही दिसली नाही तर ‘शून्य’ लिहू नका. त्याचा अर्थ ९५ टक्के खात्रीने त्या मिलीत ३ पेक्षा जास्त नाहीत, एवढाच. विरळ नमुन्यांत दोन-तीन पट्ट्या मोजा. दोन माणसं मोजणार असतील तर दहा नमुने दोघांनीही मोजून एकमेकांशी ताडून पाहा; पहिल्या आठवड्यातला फरक पाहून दोघंही दचकतात, आणि ते चांगलंच.

ओळखायचं काय? अलेक्झांड्रियम कॅटेनेलाची सिस्ट औषधाच्या कॅप्सूलसारखी, दोन्ही टोकं गोल, लांबी ३८ ते ५६ आणि रुंदी २३ ते ३२ मायक्रोमीटर. भिंत गुळगुळीत, काटे नाहीत, भोवती चिकट आवरण असल्याने मातीचे कण लागलेले. न रंगवलेल्या ताज्या सिस्टच्या आत नारिंगी-लाल थेंब दिसतो. मेथॅनॉलनंतर त्याच्यावर विसंबू नका. म्हणून प्रत्येक ठिकाणचा थोडा चाळलेला गाळ न रंगवता साध्या प्रकाशातही पाहावा. अलेक्झांड्रियम मिन्युटमची सिस्ट वरून गोल आणि बाजूने चपटी असते, ती पट्टीत कशी पडली यावर रूप बदलतं. जिम्नोडिनियम कॅटेनाटमची गोल, तपकिरी, बारीक जाळीदार नक्षीची. पायरोडिनियम बहामेन्सची गोल आणि काटेरी.

फसवणारे पुष्कळ आहेत. परागकण चमकतात, बुरशीचे बीजाणू चमकतात, सूक्ष्म प्राण्यांच्या लेंड्या नेमक्या कॅप्सूलच्या आकाराच्या असतात. लेंडीची कड अस्पष्ट असते आणि आतून सगळी सारखीच उजळते. सिस्टची भिंत वेगळी, धारदार रेघेसारखी दिसते. शंका आली तर ४०० पट मोठं करा. तरीही शंका राहिली तर ‘संशयित’ असा वेगळा रकाना ठेवा, दोन्हींपैकी एकात ढकलू नका. रिकामी टरफलंही वेगळी मोजा. भरलेल्या आणि रिकाम्यांचं प्रमाण गेल्या हंगामातल्या उगवणीबद्दल बरंच सांगतं.

आणि एक मर्यादा मान्य करूनच पुढे जावं: अलेक्झांड्रियमच्या काही भावंडांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या असतात, त्यातली काही विष करतात, काही करत नाहीत. दिसण्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. जिथे कोणती प्रजाती आहे हे आधी ठरलेलं नाही, आणि आपला बहुतेक किनारा यात मोडतो, तिथे डीएनए चाचणी किंवा उगवून आलेल्या पेशीचं निरीक्षण याशिवाय ‘विषारी’ हा शब्द अहवालात लिहू नये.

जिवंत किती

रंगवलेल्या सिस्ट मेलेल्या असतात, त्यामुळे उगवण वेगळ्या, न रंगवलेल्या भागातून पाहायची. मंद प्रकाशात काम करा, कारण उजेडाने उगवण सुरू होऊ शकते. पातळ केलेल्या काचनळीने एकेक भरलेली सिस्ट उचला आणि ९६ खणांच्या ताटात, खणाला एक अशी, एफ-बाय-टू माध्यमात (शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणात) ठेवा. माध्यमात सिलिकेट घालू नका, नाहीतर डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) माजतात. तरी माजले तर थोडं जर्मेनियम डायऑक्साइड. ताट १४ तास उजेड, १० तास अंधार. मेनच्या नमुन्यांना १५ अंश, कोकणातल्यांना २५ ते २८. एक दिवसाआड पाहा, ३० दिवस. खणात पोहणारी पेशी किंवा फुटलेलं टरफल दिसलं की ती उगवली. निदान ४८ खण भरा, दहा-बारा सिस्टवरून टक्केवारी काढणं हास्यास्पद होतं.

उगवली नाही म्हणजे मेली असं नव्हे. नव्या सिस्टला सक्तीची विश्रांती असते, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, तापमानानुसार. शिवाय मेनच्या खोल पाण्यातल्या सिस्टमध्ये स्वतःचं वार्षिक घड्याळ आहे. तापमान, उजेड सारखा ठेवला तरी त्या वर्षातले काही महिने उगवतात आणि काही महिने नाही, हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून एकाच नमुन्याची चाचणी दर महिन्याला नव्या सिस्ट घेऊन पुन्हा करावी लागते. टिकून राहण्याची ताकद म्हणाल तर स्वीडनच्या कोलियो फ्योर्डमधल्या गाळातून पेंटाफार्सोडिनियम डालेई या जातीच्या सुमारे शंभर वर्षं जुन्या सिस्ट उगवल्या आहेत.

आकड्याचं काय करायचं

नकाशा काढताना घनता लॉगरिदमी, म्हणजे १, १०, १०० अशा दहापटीच्या, पट्ट्यांत दाखवा. शेजारच्या दोन ठिकाणी दहापट फरक ही नेहमीची गोष्ट आहे. आणि संगणकाला वाळूवरून रेघ ओढू देऊ नका. दोन चिखलांच्या मध्ये वाळूचा दांडा असेल तर मधला अंदाजी आकडा निव्वळ कल्पित असतो. एकूण साठा: वरच्या सेंटिमीटरात १०० सिस्ट प्रति घन सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला दहा लाख. दहा चौरस किलोमीटरच्या खाडीत १०,००० अब्ज. आकडा घाबरवणारा आहे, पण त्यातल्या बहुतेक कधीच वर येत नाहीत. ऑक्सिजन पोहोचतो तो वरचे काही मिलीमीटरच.

हा साठा भाकितासाठी वापरता येतो, पण एकटा नाही. मेनच्या आखातात २००४ च्या शरदात साठा मोठा दिसला आणि २००५ मध्ये मेनपासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत शिंपल्यांची तोडणी बंद करावी लागली. २००९ च्या शरदात त्याहूनही मोठा साठा सापडला. २०१० साठी जोरदार बहराचं भाकीत झालं आणि बहर आलाच नाही. त्या वर्षी आखातातलं पाणीच बदललं होतं: जास्त उबदार, कमी खारट, पोषकद्रव्यं कमी. बी होतं, पण रान तयार नव्हतं. म्हणून सिस्टच्या नकाशावरून शिंपले खायला खुले किंवा बंद ठरवू नयेत; ते मांसातलं विष मोजूनच ठरतं, आणि त्याची सर्वमान्य मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम आहे.

अहवालाच्या तक्त्यात आकड्याशेजारी निदान एवढे रकाने हवेत: अक्षांश-रेखांश, खोली, भरतीची वेळ, गाभ्याचा प्रकार, कितवा प्रयत्न, थर, गाळ किती घन सेंटिमीटर घेतला, साठवणीचे दिवस, चाळण्यांची मापं, ध्वनिलहरींचा जोर आणि वेळ, प्रिम्युलिनची बाटली, शेवटचं आकारमान, किती मिली मोजला, भरलेल्या, रिकाम्या, संशयित, आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं. गाळाचा थोडा भाग १०५ अंशांना वाळवून पाण्याचं प्रमाणही काढून ठेवा. कोणी घन सेंटिमीटरमागे लिहितं, कोणी कोरड्या ग्रॅममागे, आणि हा एक आकडा नसेल तर दोघांचे नकाशे शेजारी ठेवता येत नाहीत.